एक गिअर खाली

देशावरून कोकणात जाणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर एक जागा अशी येते की तिथे पठार संपतं आणि रस्ता एकदम खाली वाकतो. खंडाळा, ताम्हिणी, वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, करूळ, आंबोली. नावं वेगळी, पण सह्याद्रीची ठेवण सगळीकडे एकच. पूर्वेकडून चढ इतका हळूहळू येतो की गाडी चढते आहे हे कळतही नाही. पश्चिमेकडे मात्र डोंगर तुटलेला आहे. त्या तुटलेल्या बाजूने रस्ता उतरवायचा तर वळणावर वळण घालत थोड्याच किलोमीटरांत पाचसहाशे मीटर खाली यावं लागतं. या पुस्तकाचा विषय त्या जागेच्या जरा अलीकडे सुरू होतो. पहिल्या वळणाच्या आधीच्या शंभरेक मीटरांत चालकाने कोणता गिअर टाकला, यावर पुढचा घाट कसा जाणार हे बरंचसं ठरलेलं असतं.

गिअर खाली घेणं ही हाताची करामत आहे, असा आपल्याकडे समज आहे. झटका न देता, आवाज न करता चौथ्यावरून तिसऱ्यावर येणारा ड्रायव्हर दिसला की शेजारी बसलेला माणूस मनातल्या मनात दाद देतो. ती दाद योग्यच आहे, पण हाताची सफाई हा या विद्येचा दुय्यम भाग. मुख्य काम डोक्याचं आहे. पुढचा रस्ता पाहायचा, तिथे गाडी किती वेगाने जायला हवी ते ठरवायचं आणि तो वेग राखेल असा गिअर वेळेआधी निवडायचा. ब्रेक वेग कमी करण्यासाठी असतात. कमी केलेला वेग धरून ठेवण्याचं काम गिअरचं. एवढं एक वाक्य नीट उमगलं, की पुढची प्रकरणं म्हणजे त्याचाच तपशील आहे.

थोडा हिशेब करू. चार माणसं आणि त्यांचं सामान धरून छोटी गाडी बाराशे किलोची भरते. ती सहाशे मीटर खाली उतरते तेव्हा साधारण ७० लाख ज्यूल ऊर्जेला कुठेतरी जायला वाट लागते. एवढ्या ऊर्जेत नळाचं २२ लिटर पाणी उकळीला येईल. हवेचा आणि टायरांचा विरोध त्यातला काही वाटा उचलतो, पण घाटात वेगच कमी असतो, त्यामुळे हवेचा वाटा अगदी थोडा. उरलेल्या ऊर्जेला दोनच दारं आहेत, इंजिन आणि ब्रेक. इंजिनाला थंड ठेवायला रेडिएटर आहे, पंखा आहे, फिरतं कूलंट आहे, तेल आहे. ब्रेकला काय आहे? पुढच्या चाकांत दोन बिडाच्या डिस्क, मागे बहुतेक छोट्या गाड्यांत बंद ड्रम आणि बाजूने जाणारी हवा. सगळा भार या दुसऱ्या दारावर टाकायचा आणि पहिलं दार उघडायचंच नाही, असा प्रकार आपल्या घाटांत रोज चालतो.

सतत दाबून धरलेला ब्रेक दोन तऱ्हांनी दगा देतो. पहिली तऱ्हा पॅडची. पॅडमधले कण ज्या राळेने बांधलेले असतात ती ठरावीक तापमानापुढे जळू लागते, तिचा वायू पॅड आणि डिस्क यांच्यामध्ये येतो आणि पकड सुटते. पेडल पायाला कडक लागतं, आपण जीव खाऊन दाबतो, पण गाडी थांबायचं नाव घेत नाही. दुसरी तऱ्हा ब्रेक ऑइलची आणि ती जास्त घातकी. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहतं. नवं कोरं डॉट ३ प्रतीचं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर तीच हमी १४० अंशांवर येते. डॉट ४ प्रतीला हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल मऊ पडतं आणि थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदला, असं मेकॅनिक सांगतो तेव्हा तो उगाच बिल वाढवत नसतो. आपल्याकडे चार महिने हवेत पाणीच असतं, मग हा सल्ला आणखी मनावर घ्यायला हवा.

मे महिन्यात किंवा गणपतीच्या दिवसांत कुठल्याही मोठ्या घाटाच्या पायथ्याशी, चहाच्या टपरीजवळ दहा मिनिटं उभं राहा. एखादी गाडी येऊन थांबते आणि ती थांबायच्या आधीच तिचा वास येतो, जळक्या लायनरचा, नाकात चरचरणारा. पुढच्या चाकाच्या फटीतून निळसर धूर निघत असतो. आतली माणसं उतरतात, कुणीतरी लगबगीने पाण्याची बाटली काढतो. ते पाणी चाकावर ओतायचं नाही, हे आधी सांगून ठेवतो. लालबुंद तापलेल्या बिडावर गार पाणी पडलं की डिस्क वाकते, कधी तडकते, आणि पुढे ब्रेक लावला की स्टिअरिंग थरथरायला लागतं. गाडी सपाटीला पहिल्या गिअरमध्ये ठेवायची, चाकाखाली दगड लावायचा आणि अर्धा तास चहा प्यायचा. गाडी आपोआप थंड होते. मात्र त्या अर्ध्या तासात ड्रायव्हरला विचारलंत की वरून कोणत्या गिअरवर आलात, तर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, चौथ्यावर. कधी कधी मिळतं, न्यूट्रलवर.

आता इंजिन गाडीला धरतं कसं, ते पाहू. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की हवा आत घेणारी झडप जवळजवळ बंद होते. चाकं तर फिरतच आहेत आणि गाडी गिअरमध्ये असल्यामुळे ती इंजिनालाही फिरवत आहेत. पिस्टन खाली येताना हवा ओढू पाहतो आणि ती मिळत नाही. पिचकारीच्या तोंडावर बोट धरून दट्ट्या ओढताना हाताला जो ताण जाणवतो, तोच ताण इथे चारही सिलिंडरांत, मिनिटाला हजारो वेळा पडत असतो. त्यात इंजिनातलं घर्षण मिळवा. जुन्या धाटणीच्या डिझेल इंजिनात अशी झडपच नाही, त्यामुळे तिथे धरण्याचं काम मुख्यतः घर्षणावर आणि दाबलेल्या हवेतून वाया जाणाऱ्या शक्तीवर चालतं. म्हणून ट्रक-बसला एक्झॉस्ट ब्रेक वेगळा द्यावा लागतो. तो धुराची वाट अडवून इंजिनाला आणखी जड करतो.

हा ताण इंजिन जितकं जोरात फिरेल तितका वाढतो. खालचा गिअर त्यासाठीच. आपल्याकडच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांत तिसऱ्या गिअरचं प्रमाण १.२८ आणि दुसऱ्याचं १.९ च्या आसपास असतं. म्हणजे ताशी ४० किलोमीटरला तिसऱ्यात इंजिन मिनिटाला १९०० फेरे घेत असेल, तर दुसऱ्यात तेच २८०० घेईल. फेरे दीडपट होतात, शिवाय गिअरच्या प्रमाणामुळे तो ताण चाकांपर्यंत दीडपट होऊनच पोहोचतो. दोन्ही बाजूंनी फायदा. आवाज वाढतो हे खरं. कितीतरी लोक त्या आवाजानेच घाबरतात आणि वरचा गिअर टाकून मोकळे होतात. पेट्रोल इंजिन सहा हजारांपर्यंत फिरण्यासाठी बनवलेलं असतं. तीन-साडेतीन हजारांना त्याला काहीही त्रास होत नाही. घाटात इंजिन गुरगुरत असेल तर सगळं ठीक चाललं आहे, असं समजावं. शांत उतरणाऱ्या गाडीची मला जास्त काळजी वाटते.

न्यूट्रलबद्दल मी जरा कठोर लिहिलं आहे आणि ते जाणूनबुजून. उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडली की पेट्रोल वाचतं, हा समज कार्बोरेटरच्या काळातला आहे. तेव्हा गाडी गिअरमध्ये उतरत असली तरी कार्बोरेटरमधून थोडं पेट्रोल ओढलं जायचं, त्यामुळे त्या समजात तथ्य होतं. २००० च्या आसपास आपल्याकडच्या गाड्यांत इंजेक्शनची यंत्रणा आली आणि चित्र उलटलं. आता गाडी गिअरमध्ये असताना पाय काढला आणि इंजिनाचे फेरे पुरेसे असले की संगणक इंधन पूर्ण बंद करतो. चाकंच इंजिनाला फिरवत ठेवतात, थेंबही जळत नाही. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन बंद पडू नये म्हणून इंधन चालू ठेवावंच लागतं. छोटी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर त्यात घालवते. म्हणजे वीस मिनिटांचा घाट न्यूट्रलवर उतरणारा माणूस पावशेर पेट्रोल जास्त जाळतो, वर ब्रेक जाळतो. इंजिन बंदच करून उतरणाऱ्यांचा प्रकार त्याहून भयंकर. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनाच्या ओढीवर चालतो. इंजिन बंद असताना दोन-तीनदा दाबला की तो संपतो. पॉवर स्टिअरिंग जातं. हवेच्या ब्रेकवर चालणाऱ्या ट्रकची टाकी भरणारा कॉम्प्रेसर थांबतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणारा उतार काही फार मोठा घाट नाही, तरी तिथे अवजड गाड्यांचे इतके अपघात झाले आहेत की त्या पुलाचं नाव घेतलं की पुणेकराच्या अंगावर काटा येतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने तिथे कितीतरी गाड्या ठोकल्या, त्यानंतर उतारावर न्यूट्रल टाकण्याच्या सवयीवर शहरभर बोललं गेलं. सवय अजून गेलेली नाही.

या घाटांनी ही शिस्त माणसाला फार आधीपासून शिकवली आहे. बोरघाटातून गाड्या जातील असा रस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम होता. रेल्वे त्याच घाटात १८६३ साली चढली. रुळांचा चढ ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. एवढ्याशा उतारासाठी रेल्वेने किती काळजी घेतली पाहा. ब्रेक न लागलेली गाडी मुख्य मार्ग सोडून बाजूच्या चढावर वळावी म्हणून कॅच साइडिंग, चढताना मागून रेटायला बँकर इंजिनं, उतरण्याआधी ब्रेकची तपासणी. आपले मोटारीचे घाट सर्रास २० ला १ आणि ठिकठिकाणी त्याहून तीव्र आहेत. म्हणजे रेल्वेच्या जवळजवळ दुप्पट. आणि तिथे आपण ब्रेकची तपासणी सोडाच, वर पोहोचल्यावर गाडी थांबवतसुद्धा नाही. बोरघाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून त्याची कथा सांगतात, आणि येणारेजाणारे ड्रायव्हर त्याला नाणं वाहतात. त्या नाण्यामागची भावना मला मोलाची वाटते, कारण घाट सुरू होताना क्षणभर थांबून सावध होणं त्यात आहे.

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. त्यानंतरच्या कित्येक दशकांत घाटात गाडी चालवायची खरी शाळा एसटीच्या ड्रायव्हरच्या पाठीमागची सीट ही होती. तो उतार लागण्याआधी वेग मोडायचा, डावा पाय दोनदा खालीवर व्हायचा, मध्ये एकदा इंजिन भुंकल्यासारखं व्हायचं आणि लांबलचक दांडा खटकन जागेवर बसायचा. हाच डबल क्लच. त्याची गरज का होती ते समजून घेण्यासारखं आहे. खालचा गिअर बसायचा तर गिअरबॉक्समधल्या चक्राला आधीपेक्षा जोरात फिरायला हवं. आजच्या गाडीत ते काम सिंक्रोमेश करतो; पितळी कड्यासारखा एक भाग घासून दोन्ही चक्रांचा वेग जुळवतो आणि मगच दात अडकतात. कॅडिलॅकने १९२८ मध्ये तो आणला. पण जड गाड्यांत तो यायला पुष्कळ वेळ लागला, आणि तोवर वेग जुळवण्याचं काम ड्रायव्हरच्या पायावर होतं. क्लच दाबून न्यूट्रल, क्लच सोडून थोडी रेस, पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीतही, तो स्टिअरिंगजवळचा गिअर ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल, पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नव्हता. चालत्या गाडीत पहिला टाकायला गेलं की कर्र आवाज यायचा. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली.

डबल क्लच आजच्या गाडीत लागत नाही, पण त्याच्या मधलं ते रेस देणं अजूनही उपयोगाचं आहे. आंबोलीच्या घाटात सावंतवाडीकडे उतरताना समोर डावीकडचं आंधळं वळण येतंय असं धरा. गाडी तिसऱ्यात, वेग पन्नासच्या जरा वर. वळण तीसला घ्यायचं आहे. रस्ता सरळ आहे तोवरच ब्रेकवर पाय, एकदाच, ठाम, वेग पस्तीसपर्यंत. वळणाच्या तोंडाशी अजून दोन गाड्यांचं अंतर आहे. क्लच दाबला, दांडा न्यूट्रलमधून डावीकडे घेऊन मागे दुसऱ्यात. क्लच अजून खालीच आहे तेवढ्यात उजवा पाय ब्रेकवरून उचलून ॲक्सिलरेटरला हलकासा टेकवला. इंजिनाचा आवाज वर चढला, काटा अडीच हजारांवर गेला, आणि तो खाली यायच्या आत डावा पाय सोडला. गाडीने मान हलवली नाही, मागे बसलेल्या आजींची झोप मोडली नाही. आता दोन्ही पाय मोकळे, इंजिन गाडीला धरून आहे, वळण अर्धं झालं की उजवा पाय पुन्हा हलका टेकवायचा. हे सगळं लिहायला परिच्छेद लागला, प्रत्यक्षात दोन-अडीच सेकंद. रेस न देता नुसता क्लच सोडला तरी गिअर बसतोच, पण इंजिनाला १७०० वरून २५०० ला नेण्याचं काम मग क्लच प्लेट घासून करते आणि त्याचा झटका चाकांपर्यंत जातो. शर्यतीतले चालक एकाच पायाने ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही सांभाळतात. त्याची पद्धत मी शेवटच्या प्रकरणात दिली आहे. घाट नीट उतरण्यासाठी तिची गरज नाही.

हा झटका कोरड्या रस्त्यावर नुसता गैरसोयीचा असतो, ओल्या रस्त्यावर तो जिवावर बेततो. जुलैतल्या घाटात शेवाळलेला डांबरी रस्ता, त्यावर लाल मातीचा ओघळ आणि आपण वळणाच्या मध्यावर तिसऱ्यातून दुसरा टाकून क्लच फटकन सोडला, तर ज्या चाकांना इंजिन जोडलेलं आहे ती क्षणभर घसरतात. पुढच्या चाकांची गाडी असेल तर स्टिअरिंग फिरवूनही ती सरळ दरीकडे जाऊ पाहते. बोलेरो, सुमो, ओम्नी यांसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचं शेपूट फिरतं. साध्या एबीएसचा इथे उपयोग नाही, कारण तो ब्रेकने अडकलेलं चाक सोडवतो, इंजिनाने अडकवलेलं नाही. म्हणून वळणात गिअर बदलायचा नाही. गिअरचं काम वळणाआधी संपलेलं असायला हवं, पावसात तर दुप्पट आधी.

ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगत आले. लाख मोलाचा नियम होता तो, पण त्या काळच्या गाड्यांसाठी. चाळीस-पंचेचाळीस अश्वशक्तीची भरलेली गाडी खंडाळा दुसऱ्यातच चढायची, म्हणून उतरायलाही दुसराच यायचा. आजची टर्बो डिझेल तोच चढ चौथ्यात हसतखेळत चढते. चौथ्यात उतरायला लागलात तर इंजिन काहीच धरणार नाही. त्यामुळे नियम असा बदलून घ्यावा असं मला वाटतं: उतारावर ॲक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही सोडून पाहा. गाडीचा वेग वाढत चालला तर एक गिअर खाली. वेग स्थिर राहिला किंवा अगदी सावकाश वाढला आणि अधूनमधून ब्रेकचा एखादा ठाम दाब पुरला, की गिअर बरोबर आहे. ही परीक्षा कुठल्याही गाडीला, कितीही माणसं बसलेली असोत, लागू पडते.

उलट बाजूची चूकही माहीत असावी. ताशी ८० ला जाणाऱ्या गाडीत घाईघाईत चौथ्याऐवजी पहिला-दुसरा पडला आणि क्लच सोडला, तर चाकं इंजिनाला त्याच्या मर्यादेपलीकडे फिरवतात. पहिल्यात ८० म्हणजे दहा हजारांहून जास्त फेरे. इंधन तोडणारा लिमिटर इथे काही वाचवू शकत नाही, कारण इंजिनाला फिरवणारं इंधन नसून रस्ता असतो. व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून आधी ब्रेकने वेग, मग गिअर. क्रम बदलायचा नाही.

ड्रायव्हिंग स्कूलबद्दल माझी एक तक्रार आहे. बहुतेक ठिकाणी शिकाऊ माणसाला सांगतात, ब्रेक लावताना क्लच दाब, नाहीतर गाडी बंद पडेल. पहिल्या चार दिवसांत ते ठीक आहे, पुढे कुणीच ती सवय सोडवत नाही. मग तो माणूस लायसन्स घेऊन घाटात येतो आणि प्रत्येक वळणाला दोन्ही पाय दाबतो. क्लच दाबलेली गाडी म्हणजे न्यूट्रलमधली गाडी. तिसरा गिअर टाकलेला असूनही प्रत्येक वळणाला, जिथे इंजिनाची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ते सोडून दिलं जातं. गाडी हिसके द्यायला लागेपर्यंत क्लचला हात, म्हणजे पाय, लावायचा नाही; वेग पंधरा-वीसच्या खाली गेला तरच. ही एक सवय मोडली तरी या पुस्तकाचा हेतू बराचसा साधेल. हे शिकवणाऱ्यांनी मैदानातल्या एच आकाराच्या पलीकडे एखादा खराखुरा उतार दाखवावा, एवढी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.

सपाट रस्त्यावरच्या गिअरबद्दल फारसं लिहिलेलं नाही. सिग्नलला थांबायचं असेल तर चौथ्यावरून तिसरा, तिसऱ्यावरून दुसरा अशी पायरीपायरीने उतरंड करण्याची गरज नसते. ब्रेकने थांबा, शेवटी क्लच. पॅडचा संच क्लच प्लेटपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतो आणि बदलायलाही सोपा. मध्येच रस्ता मोकळा झाला तर त्या वेगाला शोभेल तो गिअर थेट टाकावा, चौथ्यावरून दुसरा चालतो. ओव्हरटेक करण्याआधी एक गिअर खाली घ्यावा, ओव्हरटेक करताना नव्हे.

चढाचंही थोडक्यात. इंजिन दम खायला लागल्यावर गिअर बदलला तर वेग तोवर गेलेला असतो. चढ लागतानाच बदलावा. कसाऱ्याला किंवा खंबाटकीला गाड्यांची रांग लागली की हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे पुष्कळ असतात आणि क्लच जळल्याचा वास त्यांचाच असतो. हँडब्रेक त्यासाठी आहे. आणि अरुंद घाटात समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यायची, हा नियम आहे. खालच्या गिअरमध्ये असलेल्यालाच तो पाळता येतो. उतारावर इंजिन गाडीला धरून असतं तेव्हा मागचे लाल दिवे लागत नाहीत, हेही विसरू नका. मागे कुणी चिकटून येत असेल तर ब्रेकला पाय नुसता टेकवून त्याला खूण करावी.

कुणी विचारेल, आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या, या विद्येचं काय काम? २०१४ मध्ये सेलेरिओबरोबर एएमटी आपल्या मध्यमवर्गीय घरांत आली, आणि तिच्यात तर हे जास्तच लागतं. डी वर ठेवून उतारावर पाय काढला की त्या गाडीला वाटतं, आता जोर नको, आणि ती वरचा गिअर टाकते. गाडी सुटते. म्हणून घाटाच्या तोंडाशी दांडा मॅन्युअल मोडवर घेऊन दुसरा किंवा तिसरा स्वतः निवडायचा. इलेक्ट्रिक गाडीत गिअर नाहीत, पण मोटर जनित्रासारखी चालून बॅटरी भरते आणि गाडीला धरते. बॅटरी आधीच काठोकाठ भरलेली असेल तर त्या विजेला जागा उरत नाही आणि धरही कमी पडतो. महाबळेश्वरला रात्रभर चार्जिंग करून सकाळी आंबेनळीने पोलादपूरला उतरणाऱ्याने, तेराशे मीटरांहून उंच जागेवरून निघताना, बॅटरीत थोडी जागा राखून ठेवावी.

पुस्तकाची मांडणी घाटाच्या क्रमाने आहे: आधी गाडीची तयारी, मग माथा, उतार, वळणं, पाऊस आणि धुकं, आणि ब्रेक गेल्यास काय करायचं ते शेवटून दुसऱ्या प्रकरणात. ते प्रकरण मात्र आधी वाचा. पेडल तळाला गेलं तर ते पटापट वरखाली करून पाहायचं, गिअर एकेक करत खाली आणायचा, हँडब्रेक कळ दाबून धरून हळूहळू ओढायचा, गाडी डोंगराच्या बाजूला घासायची आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करायचं नाही, कारण मग स्टिअरिंग जड होतं. सरावासाठी पहिल्याच दिवशी वरंधा गाठू नका. पुण्याच्या माणसाने सकाळी लवकर, रहदारी नसताना दिवे घाट धरावा. सासवडकडून हडपसरकडे उतरताना माथ्यावर गाडी बाजूला घ्यावी, ब्रेक दाबून पेडल पायाला कसं लागतं ते पाहावं, दुसरा टाकावा आणि ब्रेकला कमीत कमी हात लावत खाली यावं. खाली उतरल्यावर चाकाजवळ तळहात न्यावा, डिस्कला न लावता. मग पुढच्या वेळी तोच घाट तिसऱ्यात उतरून पुन्हा तसंच पाहावं.